लंडनमधली दुपारची मैफल: विगमोर हॉल, सेंट मार्टिन की वॉलब्रुक?

लंडनला चार-पाच दिवस मुक्काम असेल, तर एक दुपार पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी राखून ठेवाच. संध्याकाळच्या मोठ्या मैफलीला तिकीट महाग, परतायला उशीर आणि दिवसभराच्या पायपिटीनंतर उत्तरार्धात डुलक्या ठरलेल्या. दुपारची मैफल तासाभराची, बिनमध्यंतराची, आणि दोनच्या सुमाराला तुम्ही मोकळे. कार्यक्रमपत्रिका चाळण्याआधी दोननंतर कुठे भटकायचं ते ठरवा, असं मी म्हणेन. विगमोर हॉल हे सभागृह आणि सेंट मार्टिन व वॉलब्रुक ही दोन चर्च, या तिन्ही जागा मध्य लंडनमध्येच आहेत, पण बाहेर पडल्यावर भेटणारं शहर प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

मन लावून ऐकायचंच असेल तर विगमोर हॉलला दुसरा पर्याय नाही. बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ मध्ये आपल्या दालनाला लागून हे सभागृह बांधलं. पहिल्या महायुद्धात ते शत्रूची मालमत्ता म्हणून विकलं गेलं आणि १९१७ मध्ये नव्या नावाने उघडलं. खुर्च्या जेमतेम साडेपाचशे. स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा मेळ ऐकताना गज तारेवर टेकण्याआधी वादक एकत्र श्वास घेतात, तोसुद्धा जाणवतो. हंगामात सोमवारी दुपारी १ वाजता होणारी मैफल बीबीसी रेडिओ ३ वरून थेट प्रक्षेपित होते, त्यामुळे सुरुवात अगदी घड्याळाच्या काट्यावर. उशिरा पोचलात तर आत सोडतीलच असं नाही. तिकीट लागतं, पण ३५ वर्षांखालच्यांना बऱ्याच कार्यक्रमांसाठी ५ पौंडांत मिळतं. बरोबर तरुण मुलं असतील तर हे जरूर बघा.

इथून पाचेक मिनिटांवर मँचेस्टर स्क्वेअरमध्ये वॉलेस कलेक्शन हे कलासंग्रहालय आहे, प्रवेश मोफत. फ्रागोनारचं झोक्यावरच्या तरुणीचं चित्र आणि फ्रान्स हाल्सचा मिशीवाला सरदार, दोन्ही इथेच. गर्दी कमी आणि घर राहतं असावं तशा खोल्या, त्यामुळे कानातलं संगीत टिकून राहतं. उलट दिशेला ऑक्सफर्ड स्ट्रीट ओलांडून ब्रुक स्ट्रीटवर जा. २५ नंबरच्या घरात संगीतकार हँडल १७२३ पासून १७५९ मध्ये मरेपर्यंत राहिला, ‘मसाया’ ही त्याची प्रसिद्ध समूहगान-रचना त्याने इथेच रचली. शेजारच्या २३ नंबरमध्ये १९६८-६९ च्या सुमाराला रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं बिऱ्हाड होतं. दोघांच्या नावाच्या निळ्या स्मृतिपाट्या भिंतीवर शेजारी-शेजारी आहेत, रस्त्यावरूनच दिसतात.

सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे ट्रॅफल्गार स्क्वेअरच्या कोपऱ्यावरचं, वास्तुकार जेम्स गिब्सने रचलेलं, १७२६ मध्ये पूर्ण झालेलं चर्च. इथे दुपारच्या मैफलींची परंपरा जुनी आहे. त्या बहुतेक देणगीवर चालत आल्या आहेत आणि वाजवणारे पुष्कळदा उमेदीचे तरुण कलाकार असतात. ऐकण्याच्या बाबतीत मात्र विगमोरची सर नाही. उंच छताखाली नाद घुमतो. समूहगानाला तो खुलवतो, पण पियानोच्या द्रुत जागा एकमेकींत मिसळून जातात. म्हणून शक्यतो पुढे बसा. समोरची पूर्वेकडची खिडकी जरूर न्याहाळा: शिराझेह हूशियारी या कलावतीने केलेली, २००८ ची. रंगीत काचा नाहीतच, नुसती सळ्यांची जाळी, आणि मधोमध ती पाण्यात वाकडी दिसावी तशी एका तिरक्या लंबगोलाभोवती वळलेली.

आणि शेजारी नॅशनल गॅलरी! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथली चित्रं वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली होती. त्या रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये दुपारच्या मैफली सुरू केल्या, तिकीट एक शिलिंग. सोमवार ते शुक्रवार, बॉम्बवर्षावातसुद्धा खाली तळघरात जाऊन, त्या १९४६ पर्यंत चालल्या. लंडनमध्ये दुपारच्या मैफलीला एवढं प्रेम मिळतं, त्यात या साडेसहा वर्षांचा वाटा फार मोठा आहे असं मी मानते. गॅलरीला प्रवेश मोफत, आणि शुक्रवारी ती रात्री ९ पर्यंत उघडी असते.

तिसरी जागा सिटीतली, म्हणजे बँका-कचेऱ्यांच्या भागातली: सेंट स्टीफन वॉलब्रुक हे चर्च. वास्तुकार ख्रिस्तोफर रेनने सेंट पॉल कॅथीड्रलच्या आधी घुमटाचा प्रयोग केला तो इथे. मधोमध हेन्री मूरने घडवलेली दगडी गोल वेदी, भोवती गोलाकार बाकं. शुक्रवारी दुपारी इथे ऑर्गनवादन असतं; हा ऑर्गन म्हणजे आपल्या नाट्यसंगीतातला नव्हे, तर मोठाल्या नळ्यांतून वाजणारा चर्चमधला. ऑर्गनची सवय नसेल तर तासभर जड जाऊ शकतो, हे आधीच सांगते. पण ज्यांना खर्जातला सूर छातीत जाणवायला आवडतो, त्यांनी इथेच यावं. जवळच, ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीखाली, १९५४ मध्ये सापडलेलं रोमन काळातलं मिथ्र देवाचं मंदिर आहे. तेही मोफत, पण वेळ आधी नोंदवलेली बरी. शनिवार-रविवारी मात्र हा भाग ओस पडलेला असतो.

आता ऋतूचा विचार करा. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा विगमोर आणि वॉलेस ही जोडी उत्तम, कारण उरलेला वेळ उबेत जातो. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो. तेव्हा सेंट मार्टिनमधून निघून चेरिंग क्रॉसजवळच्या पादचारी पुलावरून थेम्स ओलांडावी आणि साउथ बँकने सावकाश पूर्वेकडे चालत सुटावं. लहान मुलं बरोबर असतील तरी सेंट मार्टिनच, ट्रॅफल्गार स्क्वेअरमधल्या सिंहांच्या पुतळ्यांजवळ त्यांचं मन रमतं. आणि एकच सोमवार हाताशी असेल, तर ऋतू कुठलाही असो, मी विगमोरचं तिकीट काढेन. सुट्ट्यांत वेळापत्रकं बदलतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढताना तिन्ही ठिकाणच्या तारखा एकदा पडताळून घ्या.