फवारणीवाल्याचं रक्त: प्लाझ्मा तपासा की लाल पेशी?
पऱ्हाटीवर मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस असे कीटकनाशक औषध मारणाऱ्याच्या अंगात औषध किती भिनलं हे पाहाचं तं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम मोजतात, अन् ते रक्तात दोन जागी सापडते. प्लाझ्मा म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, त्यातलं एन्झाइम लिव्हरात बनते, औषध लागलं की पटकन खाली येते अन् काही दिवसा-आठवड्यात भरूनही निघते, म्हणून कालपरवाची फवारणी पकडाले हेच बरं. पण लिव्हर खराब असलं (गावात दारूवाले काय कमी हायत का) तं औषध न लागताही आकडा कमीच. लाल पेशीतलं मात्र मज्जातंतूंमधल्याच जातीचं, पडलं की नवीन पेशी बनेपर्यंत तीन-चार महिने हळूहळू चढते, म्हणजे अख्ख्या सीझनचा हिशोब तिथं.

दोन्हीत गोम एकच, पंप पाठीवर घ्याच्या आधीचा आकडा पाहिजे, कारण नॉर्मल माणसामाणसात लय वेगळं. कॅलिफोर्नियात त्या आकड्यापेक्षा लाल पेशीतलं 30 टक्के नाहीतर प्लाझ्मातलं 40 टक्के पडलं की मजुराले औषधापासून हटवतात. यवतमाळात 2017 ले फवारणीच्या विषबाधेनं एवढे जीव गेले, तरी जूनमधी, फवारणीच्या आधी, रक्त तपासून ठेवलेला मजूर मले अजून दिसला नाई.

एकच टेस्ट परवडत असन तं मी लाल पेशीवालीच म्हणीन. पायरेथ्रॉइड (वेगळ्या जातीचं कीटकनाशक) मारलं असन तं दोन्ही बेकार, त्या टेस्टा ऑर्गनोफॉस्फेट (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉसची जात) अन् कार्बामेट या जातींपुरत्याच.