पनवेलच्या दुकानातला ताग आणि धैंचा

नवी मुंबईत परसबाग असेल आणि हिरवळीच्या खताचं, म्हणजे पेरून कोवळं असतानाच मातीत गाडायच्या पिकाचं, बियाणं हवं असेल, तर सरळ पनवेल गाठा. आमच्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये शोभेची झाडं आणि गांडूळखत भरपूर मिळतं, ताग मागितला की मात्र "सीझनला बघू" म्हणतात. पनवेलच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी येतात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात ताग, धैंचा, चवळी, मूग पोत्यातून सुटं मिळतं. त्यातल्याच एका दुकानाबद्दल लिहिते आहे, कारण तिथे मला बियाण्यासोबत चांगला सल्लाही मिळाला.

मी ताग मागितला तर मालकांनी माप उचलायच्या आधी विचारलं, "ताई, त्यानंतर त्या वाफ्यात काय लावणार?" वांगी, मिरची, टोमॅटो म्हटल्यावर म्हणाले, "मग तागच न्या, चवळी नको." वांग्या-टोमॅटोच्या मुळांवर रोगट गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म जंत) चवळीवरही पोसले जातात. तागावर त्यांची वाढ होत नाही. ऑनलाइन पाकिटावर 'सर्व पिकांसाठी उत्तम' एवढंच छापलेलं असतं. पुढचं पीक कोणतं, हा पहिला प्रश्न दुकानदाराने स्वतःहून विचारला, याचं मला फार मोल वाटतं.

दुसरा प्रश्न होता, पाणी साचतं का? आमची नेरूळची रो-हाऊसची मागची जागा म्हणजे मुरमाचा भराव, त्यावर दोन वीत लाल माती. भिंतीकडचा कोपरा खोलगट आहे, जुलैत तिथे पाणी हटत नाही. तागाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, तो पिवळा पडून बसतो. धैंचा मात्र अशा जागेत उभा राहतो आणि थोडी खारट जमीनही सोसतो, म्हणून खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी त्याचा आधी विचार करावा. मी कोपऱ्यात धैंचा आणि बाकी वाफ्यांत ताग पेरते. धैंच्याचं बी टणक, ते रात्रभर भिजवून पेरलं तर उगवण एकसारखी येते.

किती घ्यायचं? शेतकरी एकरी २० ते २५ किलो पेरतात. त्या हिशेबाने शंभर चौरस फुटांना ५०-६० ग्रॅम पुरतं. मी थोडं दाट पेरते, कारण कबुतरं आपला वाटा घेतातच आणि दाट पेरलं की देठ कोवळे राहतात. दुकानात पावशेरही देतात. सोबत रायझोबियमचं, म्हणजे हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट घेतलं तर किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम पुरे. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. ज्या मातीत पूर्वी कधी द्विदल पीक घेतलेलं नाही, भरावाच्या मातीत तर ते घेतलेलं नसतंच, तिथे हा खर्च करावा असं माझं मत आहे.

बियाण्याचा कस मी मुळावर बघते. महिनाभराचं एक रोप अलगद उपटून मुळं बादलीत धुतली, तर बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसल्या. या सूत्रकृमींच्या रोगट गाठी नव्हेत. नखाने एक फोडली, आतून लालसर गुलाबी. असा रंग म्हणजे गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरण्याच्या कामाला लागलेत. गाठ आतून पांढरट किंवा हिरवट निघाली तर काम सुरू नाही किंवा थांबलंय. इथल्या तागाच्या बहुतेक गाठी गुलाबी निघाल्या. मला यापेक्षा मोठी पावती नको.

गाडायची वेळ मात्र सांभाळा. मृगाला पेरलं तर साधारण ४५ दिवसांनी, पहिल्या पिवळ्या कळ्या दिसल्या की ताग विळ्याने कापायचा, वीतभर तुकडे करायचे आणि कुदळीने मातीत मिसळायचे. तेव्हा देठ कट्कन मोडतो. पुढे पंधरा दिवस जाऊ दिले तर मोडायच्या ऐवजी त्याची साल सोलून येते. दोरखंड वळतात तोच हा ताग, त्याचा वाख (सालीचा धागा) मातीत लवकर कुजत नाही. गाडल्यावर दोन-तीन आठवडे वाफा तसाच ठेवायचा, म्हणजे गणपतीच्या आधी वांग्या-मिरचीची रोपं लावता येतात. यातून नत्र (नायट्रोजन) आणि सेंद्रिय माल मिळतो. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) हवेतून येत नाहीत, त्यामुळे शेणखत बंद करू नका.

आता दुकानाच्या उण्या बाजू. सुट्या बियाण्याला उगवणीची टक्केवारी, लॉट नंबर, तारीख काहीच नसतं. सीलबंद पिशवी मोठी, ती आपल्या उपयोगाची नाही. त्यामुळे घरी आल्यावर ओल्या फडक्यात पंचवीस-तीस दाणे बांधून ठेवावेत आणि अर्ध्याहून कमी मोडावले तर परत जाऊन सांगावं. रायझोबियमचं पाकीट एकदा काउंटरवर उन्हात पडलेलं दिसलं. मी आतलं, थंड जागेतलं मागितलं आणि तारीख वाचून घेतलं. तुम्हीही तेच करा, उन्हात जिवाणू मरतात. तागाचा भाव यंदा किलोला दीडशेच्या आतच होता. ऑनलाइन तेवढ्यात जेमतेम शंभर-दोनशे ग्रॅमचं पाकीट येतं.

गर्दीचं म्हणाल तर मे संपायच्या आत जाऊन या. पाऊस लागला की शेतकऱ्यांची रांग असते, मालकांना बोलायला सवड नसते आणि ताग संपलेला असतो. चवळी वर्षभर मिळते. ती पालेभाज्यांच्या वाफ्यासाठी उन्हाळ्यात न्या, शेंगा खाऊन उरलेला वेल मातीत गाडता येतो.