डेंट गेला, बूच राहिलं

दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार बांधत होतो. बायको हळदकुंकू घेऊन आली, मागचं डावं दार उघडलं आणि म्हणाली, "हे इंजेक्शनच्या बाटलीचं बूच दाराला कोणी लावलं?"

मी लावलंय. त्या दाराचा डेंट काढून दहा महिने होत आले आणि डेंटपेक्षा या बुचाचाच हिशेब मी जास्त ठेवलाय. ज्यांना फक्त काम करावं की नाही एवढंच हवंय त्यांनी इथेच थांबा: रंग न लावता डेंट निघतो, माझा निघाला, पैसेही वाचले. बाकी सगळी बुचाची कथा आहे.

गेल्या डिसेंबरात रावेर तालुक्यात मेव्हण्याच्या मळ्यात केळीची कटाई होती. बांधावर ट्रक उभा आणि ट्रकमागे माझी सिल्व्हर हॅचबॅक. तिथे लावू नका असं मेव्हण्याने सांगितलं होतं, हे कबूल करतो. घड खांद्यावर घेऊन येणाऱ्या पोराचा पाय ओल्या पाटावरून घसरला आणि वीस-बावीस किलोचा घड दांड्याच्या बाजूने दारावर बसला. पोरगं इतकं घाबरलं की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. मेव्हणा लांबूनच म्हणाला, "दाजी, म्हटलं होतं ना मी."

चहाच्या बशीएवढा खळगा. मधोमध करंगळीचं अर्धं पेर बुडेल इतका खोल. रंग मात्र कुठेही तडकला नव्हता, वरून फक्त केळीचा चीक ओघळला होता. (चीक शर्टाला लागला तर शर्ट गेला समजायचं. गाडीवरचा पॉलिशने निघाला.)

आधी घरचे उपाय. मोबाइलवर पाहिलेलं हेअर ड्रायर आणि थंड स्प्रेचं प्रकरण केलं. काहीही झालं नाही. आमच्याकडे मे महिन्यात बॉनेटला हात लावला तर चटका बसतो. पत्रा तापून डेंट निघत असता तर भुसावळात एकाही गाडीला डेंट उरला नसता. उकळत्या पाण्याची युक्ती बंपरला चालते, कारण तो प्लास्टिकचा. दार लोखंडी पत्र्याचं. मग साडेतीनशे रुपयांचा रबरी व्हॅक्यूम कप मागवला. त्याने दारावर गोल वळ उठला आणि कप स्वतःच फाटला. हे साडेतीनशे खर्चात धरलेत.

सर्व्हिस सेंटरने ६,८०० रुपये सांगितले. दार रंगवायचं आणि रंग मेटॅलिक असल्याने शेजारच्या पॅनलवरही शेड मिसळायची. तिथला पोरगा म्हणाला, "इन्शुरन्समध्ये टाका ना सर, तुमचं काय जातंय?" काय जातंय ते मी तिथेच कागदावर मांडलं. गाडी मार्च २०२० ची, एकही क्लेम नाही. चालू पॉलिसीत ४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) होता, मार्चमध्ये ५० होणार होता. क्लेम केला की बोनस शून्य, पुन्हा २० पासून चढायचं. माझा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनस न धरता ७,४०० च्या आसपास, म्हणजे पहिल्याच वर्षी ३,७०० गेले. वर १,००० रुपये सक्तीने माझ्या खिशातून. झिरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) नसल्याने रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापणार तो वेगळाच. पोराने कागद पाहिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

आमच्या गल्लीतला जुना डेंटर ३,५०० मध्ये करून देत होता. माणूस हुशार आहे, हात चांगला आहे. पण २०२२ मध्ये एका मोटारसायकलवाल्याने पुढचा उजवा फेंडर दाबला होता, तो यानेच केला. वॉशर वेल्ड करून पत्रा ओढला, लांबी (पुट्टी) भरली, घासली, रंग मारला. दिवसा कळत नाही. रात्री पेट्रोल पंपावर दिव्याखाली फेंडर वेगळा आणि दार वेगळं दिसतं. दोष त्याचाही नाही. कंपनीत नुसती बॉडी असते तेव्हा रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात. तयार गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक असतं, त्यामुळे चांगल्या बूथमध्येही साठ अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, आणि आमच्या डेंटरकडे तर बूथ म्हणजे ताडपत्री. एकदा गेलेला कंपनीचा रंग परत येत नाही. म्हणून ठरवलं, या दाराला ब्रश लागू द्यायचा नाही.

जळगावला एक पोरगा रंग न लावता डेंट काढतो असं कळलं. फोनवर ३,०००, समोर गेल्यावर २,४००. सकाळी नऊला थंडी होती. त्याने आधी रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर दारावर टेकवलं: ११२ मायक्रॉन. मग न विचारताच फेंडरवर: ३४०. माझ्याकडे पाहून हसला. मूळ रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० भरतात, त्यावरचं सगळं नंतरचं. "तिथे मी हात लावणार नाही काका. वरून डिंकाने चिकटवून ओढलं तर रंग लांबीसकट उपटून हातात येईल." त्याचा हा नकार मला आवडला. नाही म्हणणारा माणूस शहाणा असतो.

काम बघण्यासारखं आहे. हॉट एअर गनने दार कोमट केलं, कारण गार रंग ताणला की तडकतो. काच खाली, काच आणि पत्र्याच्या फटीत हवेची चपटी पिशवी फुगवून जागा केली. समोर स्टँडवर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा. चांगल्या पत्र्यावर त्या पट्ट्या सरळ दिसतात, डेंटवर आल्या की कमरेतून वाकतात. तो डेंटकडे बघतच नव्हता, पट्ट्यांकडे बघत होता. मागून सळईच्या टोकाने एवढंसं दाबायचं, पट्टी हलली का बघायचं, पुन्हा दाबायचं. कुठे जास्त उठलं तर वरून प्लास्टिकच्या ठोकणीने टकटक. कडेकडेने गोल फिरत आत यायचं. मधोमध जोर लावला तर पत्रा तिथेच ताणून टेंगूळ येतं, मग ते बसत नाही.

पाऊण तास मी हे डोळे फाडून पाहिलं. मग चहा प्यायला गेलो, तिथेच चूक झाली.

परत आलो तर दाराच्या मागच्या कडेला, दार लावल्यावर झाकली जाते त्या बाजूला, ८ मिलिमीटरचं ताजं भोक. खाली चकचकीत बुरा पडलेला.

"हे काय केलं भो?"

"काका, दाराच्या आत आडवा पाइप असतो ना, धडकेसाठी. डेंट बरोबर त्याच्या मागे आला. वरून सळई पोचतच नव्हती. बूच बसवून देतो, दिसणार पण नाही."

दिसण्याचा प्रश्न नव्हता, विचारण्याचा होता. मी चढ्या आवाजात बोललो, तोही बोलला. शेजारचा सीट कव्हरवाला मध्यस्थीला आला. शेवटी २,२०० वर तडजोड झाली. दोन तास चाळीस मिनिटांनी काम संपलं, काळं रबरी बूच भोकात दाबलं आणि मी दाराकडे बघितलं. बघतच राहिलो. डेंट कुठे होता ते मलाच सापडेना. अंगठ्याने दाबून पाहिलं, पत्रा टक्‌कन आतबाहेर होत नाही. तसा होत असेल तर पत्रा ताणलाय समजा आणि पैसे देऊ नका.

घरी येताना पंचवीस किलोमीटर मात्र मी आनंदात नव्हतो, भोकात होतो. त्याच रात्री नोंद केली: "काम ए-वन, माणूस बेभरवशाचा, दाराला गंज लागणार."

मार्चमध्ये गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा आमच्या मेकॅनिकला तक्रारीच्या सुरात भोक दाखवलं. त्याने पुढचं दार उघडलं आणि त्याच कडेवरची दोन काळी बुचं दाखवली. हँडलचे, लॉकचे स्क्रू आवळायला कंपनीनेच भोकं ठेवलेली असतात म्हणे. शिवाय दारात पाणी येतच असतं, काचेच्या फटीतून उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. मी वरमलो. त्या पोराला तीन महिने मनात शिव्या दिल्या होत्या, त्या मागे घेतल्या.

पण पूर्ण नाही. बसून विचार केला तेव्हा फरक कळला. कंपनीची भोकं आधी पाडलेली असतात, मग अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेने तो थर चढवतात. त्यामुळे भोकाची कडसुद्धा झाकली जाते. माझ्या भोकाची कड ड्रिलने उघडी पडली, तिला प्रायमर नाही की रंग नाही. बूच हे झाकण झालं, औषध नाही. भोक पाडल्यावर काडीने टचअपच्या रंगाचा एक थेंब फिरवला असता तर दोन मिनिटांचं काम होतं, आणि माझी तक्रार तेवढीच उरते.

मे महिन्यात ते बूच पडलं. स्टेशनबाहेर दिवसभर गाडी उन्हात उभी, पारा ४५ च्या आसपास, रबर कडक होऊन आक्रसलं असावं. जळगावला फोन केला. "या ना काका, बसवून देतो, फुकट." फुकट! जाऊन येऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे पाच रुपयांच्या बुचासाठी सव्वातीनशेचं पेट्रोल. मी म्हटलं कुरियर कर. तो हसला. मी हसत नव्हतो. तीन वेळा फोन केला, तिसऱ्यांदा त्याने उचलला नाही. डेंट काढणारा हात सोन्याचा, पण काम झाल्यावर गिऱ्हाइकाला पाठ.

मग भुसावळात बूच शोधमोहीम निघाली. स्पेअर पार्टवाल्याकडे १० मिलिमीटरचं होतं, ८ चं नव्हतं. हार्डवेअरवाल्याने एम-सील भर म्हटलं. शेजारच्या आबांनी चिंचोका ठोक म्हटलं, आणि ते गमतीने बोलत नव्हते. शेवटी ओळखीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीचं राखाडी रबरी बूच दिलं. ब्लेडने थोडं तासलं. त्याआधी भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने पुसली, काडेपेटीच्या काडीने टचअपचे दोन हात दिले, एक रात्र वाळू दिलं. बूच असं घट्ट बसलं की काढायला पकड लागेल.

पावसाळा त्यावर गेला. दर रविवारी मोबाइलच्या टॉर्चने बघायचो. ऑगस्टमध्ये एकदा तपकिरी ओघळ दिसला आणि पोटात गोळा आला. बोटाने पुसला तर चिखल निघाला.

डेंटबद्दल आता. दहा महिन्यांत तो परत आलेला नाही. "पत्रा उन्हात परत बसतो" असं मला दोघांनी सांगितलं होतं. नीट दाबून काढलेला पत्रा बसत नाही, अख्खा मे बघून झाला. ट्यूबलाइटखाली बसून, एक डोळा मिटून बघितलं तर एका जागी प्रतिबिंबाची रेघ केसाएवढी थरथरते. बायकोला दाखवली, तिला दिसली नाही. मेव्हण्याला दाखवली, तो म्हणाला डोळे तपासा.

एकूण खर्च: २,२०० काम, ३५० तो फाटका कप, टचअपची बाटली २८०, बूच फुकट. २,८३०. मार्चमध्ये ५० टक्के बोनस मिळाला, तो वेगळा.

जुन्या फेंडरवर जूनमध्ये रिक्षा घासली. तिथे लांबी आहे, हे काम चालणार नाही हे माहीत होतं, म्हणून तो गल्लीतल्या डेंटरकडेच दिला. दाराच्या कडेची दुमड, तीक्ष्ण घडी, तडकलेला रंग, यासाठीही जळगावला जाऊ नका, तो पोरगा स्वतःच परत पाठवतो.

परवा बाजारात कोणाच्या तरी सायकलचं हँडल पुढच्या दाराला लागलं. रंग शाबूत, खळगा लिंबाएवढा. शनिवारी त्याच पोराकडे जातोय, फोनवर बोलणं झालंय. या वेळी चहाला जाणार नाही. आणि कंपाउंडरकडून आणखी तीन बुचं आणून ठेवली आहेत, खिशात घेऊनच जाईन.