डावखुऱ्यांसाठीचा बेसबॉल ग्लोव्ह : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

साडेअकरा इंची, संपूर्ण चामड्याचा आणि डावखुऱ्या खेळाडूसाठी बनवलेला हा बेसबॉल ग्लोव्ह २०२४च्या दिवाळीआधी आमच्या घरी आला. एक उन्हाळा आणि गोव्याचा एक अख्खा पावसाळा काढून तो आता पुन्हा कोरड्या दिवसांत पोहोचला आहे. तो निवडला माझ्या वडिलांनी, वापरते माझी मुलगी आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. बाबा मार्च महिन्यात गेले. ग्लोव्ह कसा पारखायचा, कसा मुरवायचा आणि खाऱ्या, दमट हवेत कसा जपायचा हे सगळे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यामुळे या वस्तूविषयी लिहिताना त्यांच्याविषयीही बरेच लिहावे लागणार आहे.

आधी खरेदीविषयी, कारण सर्वाधिक घोळ तिथेच होतो. बेसबॉलमध्ये ज्या हाताने चेंडू फेकायचा, त्याच्या विरुद्ध हातात ग्लोव्ह घालतात. ‘लेफ्ट हँड थ्रो’ असे लिहिलेला ग्लोव्ह उजव्या हातात बसतो, आणि ही साधी गोष्ट आपल्याकडच्या अनेक विक्रेत्यांनाही ठाऊक नसते. आम्हाला एका विक्रेत्याने आधी उलट हाताचा पाठवला आणि तो बदलून मिळेपर्यंत बराच पत्रव्यवहार करावा लागला. दुसरे म्हणजे, स्वस्तात मिळणारे बहुतेक ग्लोव्ह रेक्झिनचे असतात. ते पहिल्या दिवशी मऊ वाटतात, पण तळव्याचा भाग चेंडूच्या आकाराला वळत नाही आणि लवकरच शिवणीपाशी तडे जातात. चामड्याच्या ग्लोव्हला चांगल्या क्रिकेट बॅटइतके पैसे पडतात. हा खर्च करावा की नाही, यावर घरात चर्चा झाली तेव्हा बाबांनी एवढेच विचारले, “हत्यार घेताना आपण कधी स्वस्तातले घेतले का?”

हत्यारांविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना होता. ते मुरगाव बंदरात फिटर होते. सत्तरच्या दशकात गोव्याचे लोहखनिज मुख्यतः जपानला जात असे आणि ते नेणारी जहाजे भरली जात असताना काही जपानी खलाशी धक्क्यावर समोरासमोर उभे राहून चेंडू फेकत आणि झेलत. बाबा तेव्हा विशीत होते. सुटलेला एक चेंडू त्यांनी उचलून परत फेकला, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा येत नसताना त्या संध्याकाळी त्यांना खेळात घेतले गेले. जहाज सुटण्याआधी त्यांतल्या एका वयस्कर खलाशाने स्वतःचा मिझुनो या जपानी कंपनीचा जुना ग्लोव्ह त्यांच्या हातात ठेवला. तो डाव्या हातात घालायचा, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह होता, आणि बाबा पक्के डावखुरे.

दुसरा ग्लोव्ह मिळण्याची शक्यताच नव्हती, म्हणून बाबांनी उजव्या हाताने फेकायला शिकायचे ठरवले. बंदराजवळच्या सडा या वस्तीत आम्ही राहत होतो त्या घरामागे जांभ्या दगडाची कुंपणाची भिंत होती. तिच्यावर खडूने चौकोन आखून, पाळी संपवून आल्यावर अंधार पडेपर्यंत ते रबरी चेंडू मारत असत. आईच्या सांगण्याप्रमाणे हे कित्येक महिने चालले होते. मला कळू लागले तेव्हा ते उजव्या हाताने इतके सहज फेकत, की हातोडा डाव्या हातात आणि चेंडू उजव्या हातात ही त्यांची विभागणी मला जन्मजात वाटत असे.

१९७९ मध्ये बंदरात खनिज जहाजावर चढवणारी यांत्रिक यंत्रणा सुरू झाली आणि पुढची सगळी नोकरी बाबांनी तिच्या पट्ट्यांवर, रोलरांवर आणि बेअरिंगांवर काढली. रात्रपाळी झाली तरी कोणी आजारी पडले की ते दिवसाही थांबत. घराचे हप्ते आणि आम्हा भावंडांची शिक्षणे त्या जादा तासांवर झाली, हे आम्हाला मोठेपणी समजले. घरी येत तेव्हा खनिजाची लाल धूळ त्यांच्या भुवयांवर आणि नखांच्या कडांत बसलेली असे. ते आधी रॉकेलाने, मग साबणाने हात धूत, पंच्याने बोटांच्या बेचक्या कोरड्या करत आणि त्यानंतरच ग्लोव्हला हात लावत. एवढे थकलेले असतानाही त्यांनी ही एक पायरी कधी गाळल्याचे मला आठवत नाही.

खेळाच्या बातम्यांसाठी त्यांच्याकडे शॉर्टवेव्हचा रेडिओ होता. रेडिओ जपानच्या इंग्रजी बातम्यांतून त्यांनी ३ सप्टेंबर १९७७ रोजी जपानी फलंदाज सादाहारू ओ याने ७५६वा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका) मारून अमेरिकेच्या हँक आरनचा ७५५चा आकडा ओलांडल्याचे ऐकले होते. ओ पुढे ८६८वर थांबला. तो डावखुरा होता, ही गोष्ट बाबा त्या आकड्याच्या आधी सांगत. श्रावणात वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह भरतो, त्याच सुमारास जपानमध्ये कोशिएनच्या मैदानावर शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा चालते. आरती आणि दर्शन आटोपून घरी आल्यावर ते त्या मुलांविषयी आम्हाला इतक्या आपुलकीने सांगत, की ती आमच्या शेजारच्या वाड्यावरचीच वाटावीत.

आता या ग्लोव्हच्या वापराविषयी. नवा असताना तो पुठ्ठ्यासारखा ताठ होता आणि मुलीच्या बोटांनी मिटतही नव्हता. चांगल्या चामड्याचे हे लक्षणच आहे. तो लवकर मऊ करण्यासाठी गरम पाण्यात बुडवणे किंवा उन्हात टाकणे हे उपाय काही जण सुचवतात, पण दोन्हींमुळे चामड्यातला स्निग्धांश निघून जातो आणि ते पुढे भेगाळते. बाबांची पद्धत संथ होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जाळीच्या तळाशी, जिथे चेंडू येऊन बसतो त्या खोलगट भागावर, ते लाकडी मोगरीने हलके ठोके देत. तोवर त्यांची तब्येत खालावली होती, बाहेर फारसे जाणे होत नव्हते. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून ते सकाळी थोडा वेळ हे काम करत, मग खोलगट भागात चेंडू ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ग्लोव्हभोवती आवळत आणि तो रात्रभर तसाच ठेवत. आठवड्यातून एकदा नखभर व्हॅसलीन, तेही कपड्याने पुसून काढलेले. खोबरेल तेलाला त्यांचा सक्त विरोध होता, कारण त्याने चामडे जड आणि चिकट होते. नाताळपर्यंत ग्लोव्ह एका हाताने मिटू लागला आणि चेंडू आत बसल्यावर जो भरीव आवाज यायला हवा, तो येऊ लागला.

मुलीला झेल शिकवतानाही ते खुर्चीतूनच सांगत. मला लहानपणी सांगत तेच शब्द होते : “बाय, चेंडूला अडवू नको, त्याला आत येऊ दे.” क्रिकेट खेळलेल्या मुलांना हे विशेष सांगावे लागते. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका असतो आणि आकाराने थोडा मोठा. पण तो टप्पा न पडता थेट येतो, त्यामुळे तळव्यावर घेतला तर ग्लोव्ह असूनही झणझणते. जाळीच्या तळाशी घेतला तर काहीच लागत नाही. या ग्लोव्हची जाळी त्या दृष्टीने उत्तम विणलेली आहे आणि इतक्या महिन्यांत तिची एकही गाठ सैल झालेली नाही.

त्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे, ३१ ऑक्टोबरला, बाहेर नरकासुर जाळून मुले परतत होती आणि अभ्यंगस्नान उरकून बाबा फोनसमोर बसले होते. अमेरिकेत तेव्हा ३० तारखेची रात्र होती आणि वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना सुरू झाला होता. लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ; ते ०-५ असे मागे पडले, तरी शेवटी ७-६ने जिंकले आणि मालिका ४-१ने त्यांची झाली. फोवांच्या (पोह्यांच्या) बशा रिकाम्या झाल्या, पाहुणे येऊन गेले, पण बाबा जागचे हलले नाहीत. रेडिओवरच्या दोन ओळींच्या निकालासाठी आयुष्यभर थांबलेल्या माणसाला एक संपूर्ण सामना पहिल्या चेंडूपासून पाहता आला, याचा मला अतिशय आनंद आहे. पुढे जानेवारीत जपानी खेळाडू इचिरोची अमेरिकेतल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी) ३९४पैकी ३९३ मतांनी निवड झाली. ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा न पडलेल्या त्या एका मतावर ते दिवसभर अस्वस्थ होते.

ग्लोव्हची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. सडा हे समुद्रावर आलेले पठार असल्यामुळे पावसाबरोबर खारा वाराही घरात येतो. जुलैत मनगटाच्या आतल्या लोकरी अस्तरावर पांढरी बुरशी दिसली. तिथे घाम मुरतो आणि अस्तर आतून वाळत नाही, हा या ग्लोव्हच्या रचनेतला मला जाणवलेला सर्वांत मोठा दोष आहे. बाबांच्या मिझुनोला त्या जागी नुसते चामडे आहे आणि तो तेवढ्यासाठीच अधिक टिकाऊ वाटतो. मी अस्तर कोरड्या ब्रशने झाडले, पंख्याखाली वाळवले आणि ग्लोव्ह कपाटाच्या त्या कप्प्यात ठेवला जिथे बाबा पावसाळाभर झिरोचा बल्ब लावून ठेवत. त्यानंतर बुरशी पुन्हा आली नाही. लेस ओवायच्या भोकांना पितळी कड्या आहेत, त्यांवर हिरवट थर चढला होता, तो पुसल्यावर गेला. अंगठ्याजवळची लेस मात्र कोरडी पडून झिजली आहे आणि पुढच्या पावसाआधी बदलावी लागेल. तळव्याच्या चामड्याला एकही भेग नाही. शिवण जशीच्या तशी आहे.

मी स्वतः मिझुनो घालून मुलीसमोर उभी राहते. तिची आणि माझी फेक सड्याच्या मैदानावर रोज संध्याकाळी चालते, पाऊस असला की व्हरांड्यात मऊ चेंडूने. लाल मातीमुळे पांढरा चेंडू थोड्याच दिवसांत तांबूस होतो आणि ती माती ग्लोव्हलाही लागते, म्हणून खेळ झाल्यावर तो ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसणे आवश्यक आहे. मुलगी आता ते न सांगता करते, आणि त्याआधी हात धुते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना साडेअकरा इंच मोठा पडेल, त्यांनी अकराच्या आतला घ्यावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तो नीट बसतो. मुलीला आता पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या पहिल्या थांब्यावर, उभे राहायचे आहे, कारण ओ तिथे खेळत असे हे तिने आजोबांकडून ऐकले आहे. डावखुऱ्याला ती जागा सोयीची असते, ग्लोव्ह उजव्या हातात असल्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसकडे फेकताना त्याला अंग फिरवावे लागत नाही. त्या जागेसाठी वेगळा मिट लागतो, लांबट आणि बोटे सुटी नसलेला. डावखुऱ्यांसाठीचा चामडी मिट कोणी भारतात मागवून निदान एक पावसाळा वापरला असेल, तर त्याच्या अस्तराचे काय झाले ते कृपया लिहावे. मिट घेण्याआधी मला एवढीच गोष्ट जाणून घ्यायची आहे.