डॉन बॉस्को, माटुंगा : साडेचार स्टार, अर्धा का कापला तेही सांगतो

ताईच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनवरून गेले दोन महिने घरात नुसता गोंधळ चालू आहे आणि मी माटुंग्याच्या डॉन बॉस्कोत शिकलोय म्हणून बिल्डिंगमधले निम्मे पालक जिन्यात गाठून मलाच विचारतात, कशी आहे हो शाळा, ख्रिश्चन शाळा ना ती, आपल्या मुलांना घेतात का, फादर लोक फार कडक असतात का. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. आणि हो, मी अजिबात न्यूट्रल नाहीये. दहा वर्षं जिथे गुडघे फोडून घेतले त्या जागेबद्दल कोण न्यूट्रल असतं.

लोक रिझल्ट विचारतात, लॅब विचारतात, स्मार्ट बोर्ड आहे का विचारतात. माझ्या मते इथे बघायची पहिली गोष्ट म्हणजे ग्राउंड. मुंबईत हल्ली नवीन शाळा म्हणजे खाली पार्किंग, वर सहा मजले आणि खेळायला गच्चीवर हिरवी चटई. इथे गेटमधून आत शिरलं की आधी मोकळी जागा दिसते, आणि ती काय आपोआप उरलेली नाही. 1896 ला मुंबईत प्लेग आला, त्यानंतर 1898 मध्ये शहर सुधारायला इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि दाटीवाटीची मुंबई जरा सैल करायची म्हणून त्यांनी दादर-माटुंगा आखून वसवलं, रुंद रस्ते, फाइव्ह गार्डन्स, शाळा-कॉलेजांना ऐसपैस प्लॉट. व्हीजेटीआय, रुइया, पोदार, खालसा सगळी त्याच भागातली. ही शाळा चालवणारे सेलेशियन फादर मुंबईत आले 1928 ला, सुरुवात ताडदेवला, आणि चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला शाळा माटुंग्याला आली. आज तेवढी जागा कुणी शाळेसाठी मागितली तर लोक हसतील.

सेलेशियन म्हणजे कोण हे पण सांगायला पाहिजे कारण आपण सगळ्या फादरांना एकाच गाठोड्यात बांधतो. सेंट झेवियर्स, माझगावचं सेंट मेरीज, ही जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक फादरांच्या दुसऱ्या एका संघाची. आमचे फादर इटलीतल्या तुरीनच्या डॉन बॉस्कोने काढलेल्या संघाचे, आणि डॉन म्हणजे तिकडे पाद्र्याला आदराने म्हणतात तसं, आमच्या मामाला कित्येक वर्षं वाटायचं की कुठल्या तरी डॉनच्या नावाची शाळा आहे. तर हा माणूस 1815 चा, दोन वर्षांचा असताना वडील गेले, घरची शेती, गरिबी. लहानपणी दोरीवरून चालणं, हातचलाखी असलं सगळं शिकला आणि जत्रेतल्या खेळवाल्यासारखा गावातली पोरं जमवायचा, पण खेळ बघायचा तर आधी प्रार्थना म्हणा असा सौदा.

त्याची एक गोष्ट आम्हाला इतक्या वेळा ऐकवली होती की पाठ झालीये. 8 डिसेंबर 1841, तुरीनच्या एका चर्चमध्ये थंडीचा एक गवंडीकाम करणारा अनाथ पोरगा आत येऊन उभा राहिला. तिथल्या सेवकाने त्याला पूजेत मदत कर म्हटलं, याला काही येईना, तर त्याने काठीने बदडून हाकलला. डॉन बॉस्कोने पोराला परत बोलावलं. वाचता येतं का, नाही. लिहिता येतं का, नाही. गाता येतं का, नाही. बरं, शिट्टी वाजवता येते का? पोरगा हसला. तिथून ही सगळी संस्था सुरू झाली असं मानतात. मला चौथीत वाटायचं की शिट्टी वाजवून अ‍ॅडमिशन मिळत असेल तर मी एवढी एबीसीडी का घोकली.

ही गोष्ट लांबवली कारण शाळेची रीत त्यातच आहे. त्यांच्या भाषेत प्रिव्हेंटिव्ह सिस्टम, म्हणजे पोरगं चुकल्यावर शिक्षा करत बसण्यापेक्षा चुकायला वेळच मिळणार नाही इतकं त्याच्यासोबत राहायचं. ऐकायला पुस्तकी वाटतं पण आमच्या वेळी रिसेसमध्ये एखादा ब्रदर पांढरा झगा कमरेला खोचून आमच्यात फुटबॉल खेळायचा आणि फाऊलसुद्धा करायचा. कोण कुणाला मारतंय, कोण डबा न खाता कोपऱ्यात बसलंय, हे त्याला खेळता खेळता दिसायचं. नजर असायची पण पहारा वाटायचा नाही. नुसतं मोठं ग्राउंड बऱ्याच शाळांकडे असतं हो, त्यावर मोठं माणूस कोण उभं असतं ते बघा.

खेळाचं तर काय बोलायचं. रवी शास्त्री इथला. 1976 ला गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या फायनलला पोचले आणि सेंट मेरीजकडून हरले, पुढच्या वर्षी शास्त्री कॅप्टन आणि शाळेने पहिल्यांदा शील्ड जिंकलं. आम्ही नंतरच्या बॅचचे, तरी आम्हाला ते असं सांगायचे जणू परवाच झालंय. त्याच्या आधीचा फारुख इंजिनिअर, तो आणि शशी कपूर एकाच वर्गात, दोघं गप्पा मारत होते म्हणून सरांनी डस्टर फेकला आणि तो शशी कपूरच्या तोंडावर बसायच्या आत इंजिनिअरने कॅच केला, हा किस्सा त्याने स्वतःच सांगितलाय. म्हणजे प्रेमळ सिस्टममध्येही डस्टर उडायचे बरं का. पण हिंदी सिनेमाचा एक चेहरा वाचला आणि देशाला विकेटकीपर मिळाला, चालतंय.

आता तो प्रश्न जो लोक आवाज खाली करून विचारतात. माझ्या आजीनेपण विचारलेला, बाटवणार नाहीत ना रे पोराला? आम्ही वडाळ्याच्या बीपीटी (पोर्ट ट्रस्ट) क्वार्टर्समधले, घरात गणपती, श्रावण, सगळं. माझ्या वर्गात ख्रिश्चन मुलं मोजकीच होती. बाकी माटुंग्याचे तमिळ, कच्छी, पारशी कॉलनीतले दोघे, सायनचे सिंधी-पंजाबी आणि आमच्यासारखे मराठी. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जायची आणि आम्ही तेव्हा मॉरल सायन्स करायचो, म्हणजे खरं तर डबा खायचो. असेंब्लीला प्रार्थना सगळे म्हणायचे, आवर फादर मला अजून पाठ आहे, भीमरूपी पण पाठ आहे, दोघांचं कधी भांडण झालं नाही. एकदा माझा ख्रिश्चन मित्र राखेच्या बुधवारी (त्यांचा अ‍ॅश वेन्सडे) कपाळाला राख लावून घरी आला तर आजीने त्याला जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाली, अगंबाई, तुमच्यात पण अंगारा लावतात? त्या दिवसापासून तिची काळजी मिटली. त्याला मोदक आणि आम्हाला त्याच्या आईचं सोरपोटेल, म्हणजे डुकराचं मटण, अर्थात हे आजीला सांगितलं नव्हतं.

आवारातच मदर मेरीचं मोठं श्राइन आहे, 1957 चं, फादर माशिओ नावाच्या इटालियन फादरनी देणग्या मागत पत्रांवर पत्रं लिहून उभं केलेलं. उंच घुमट, आत संगमरवर, आणि मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा असल्या तरी आत गार. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत तिथे मेणबत्ती लावायला येणाऱ्या आयांमध्ये निम्म्यांच्या गळ्यात मंगळसूत्र असायचं. माझी आई पण. सिद्धिविनायकाला नारळ आणि इथे मेणबत्ती, म्हणाली कुठूनही पास झालास म्हणजे झालं. मॅथ्समध्ये 61 पडले, श्रेय कुणाला द्यायचं यावर घरात अजून एकमत नाही. 31 जानेवारीला डॉन बॉस्कोचा फीस्ट, तो आमच्यासाठी दिवाळीसारखाच.

माझे वडील बंदरावर कामाला, इंग्लिश तोडकंमोडकं. आधी दुसऱ्या एका शाळेत गेले होते, नाव नको, तिथे पालकांचाच इंटरव्ह्यू घेतला आणि बाबा घामाघूम होऊन बाहेर आले. इथे प्रिन्सिपल फादर त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलले, म्हणजे दोघांची भाषा सारखीच कच्ची. बाबा अजून ते सांगतात.

पालकांसाठी कामाचं थोडं. ही अल्पसंख्याक संस्था आहे, त्यामुळे आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठी राखीव पंचवीस टक्क्यांचा फॉर्म भरून इथे नंबर लागेल या आशेवर बसू नका, सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालाने असल्या शाळांना तो कायदा लागू नाही. मला स्वतःला हे पटत नाही, ज्या डॉन बॉस्कोने गवंड्याच्या पोराला आत घेतलं त्याच्या नावाच्या शाळेत गवंड्याचं पोर कसं येणार हा प्रश्न उरतोच, पण नियम तो आहे.

अर्धा स्टार कापला तो आमच्या वेळी शाळा फक्त मुलांची होती म्हणून. अकरावीला रुइयात गेलो तेव्हा पहिले तीन महिने शेजारच्या बाकावरच्या मुलीला जर्नल मागायची हिंमत झाली नाही, सरळ झेरॉक्सवाल्याला सांगून मिळवलं. ब्रदर लोकांच्या सिस्टममध्ये याची काही तयारी नव्हती.

बघायला जाणार असाल तर गाडी नेऊ नका, शाळा सुटायच्या वेळी नथालाल पारेख मार्गावर स्कूल बस आणि आज्या-आजोबांची अशी गर्दी होते की सायकलही निघत नाही. वडाळा किंवा माटुंगा स्टेशनवरून चालत जमतं. ताईच्या पोराला मागच्या आठवड्यात घेऊन गेलो होतो, श्राइनमध्ये दोन मिनिटं बसलो, ग्राउंडच्या कडेला अर्धा तास उभे राहिलो, मग कॅफे मद्रासला रवा डोसा. रविवारी जाऊ नका, तिथे लाइन फार असते.