टॅलीप्राइमचं लायसन्स: मोंढ्यातल्या दुकानाला सिल्व्हर पुरतं की गोल्ड लागतं?

टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर. त्याचं सिल्व्हर लायसन्स २२,५०० रुपये, गोल्ड ६७,५०० रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात २६,५५० आणि ७९,६५०. ज्यांची विक्री करपात्र आहे त्यांना या जीएसटीची वजावट मिळते. पण ज्या आडत्याचा सगळा धंदा करमुक्त शेतमालाच्या दलालीचा आहे, त्याने ती धरू नये; त्याच्यासाठी २६,५५० हाच खरा भाव.

लातूर, नांदेड, जालन्याच्या मोंढ्यात बहुतेक दुकानांना सिल्व्हर पुरतं. सिल्व्हरवर एका वेळी एकाच मशीनवर काम होतं. काउंटरवर मालक पावती करतोय आणि आत मुनीम त्याच वेळी खातेवही उघडून बसलाय, असं रोज होत असेल तरच गोल्ड घ्या. एका जागेवरच्या लॅनमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या मशीनच्या जाळ्यात, गोल्डवर कितीही मशीन चालतात. मग दोन सिल्व्हर ४५,००० ला घेऊन काम भागवावं का, हे नेहमी विचारलं जातं. आडतीची फर्म वेगळी आणि खत-बियाण्याची वेगळी, दोन्हींच्या वह्याही वेगळ्या असतील तर खुशाल घ्या. मात्र एकाच फर्मच्या डेटावर दोघांना एकदम काम करायचं असेल तर दोन सिल्व्हरनी ते जमत नाही.

भाड्यानेही मिळतं. सिल्व्हर महिन्याला ७५०, अधिक जीएसटी. विकत घेतलं की पहिल्या वर्षाची टीएसएस, म्हणजे अपडेट आणि ऑनलाइन सेवांची वर्गणी, त्यातच येते. पुढे दरवर्षी ४,५००. चार वर्षांचा हिशोब मांडला तर भाड्याचे ३६,००० आणि विकतचेही ३६,०००. पाचव्या वर्षापासून विकतचं स्वस्त. नवीन फर्म टिकते की नाही याचा भरवसा नसेल तर भाडं बरं. जिनिंगवाल्यांनी 'हंगामापुरतं घेऊ' म्हणून भाड्याने घेऊ नये. मुदत संपली की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जाते आणि त्यात महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांना नोंद घालता येते. जिनिंग बंद असली तरी जीएसटीचे रिटर्न आणि मार्चअखेर बंद नसतात.

टीएसएस संपली तर विकतचं लायसन्स बंद पडत नाही, हे विकणारे मुद्दाम सांगत नाहीत. ज्या रिलीजवर (आवृत्तीवर) आहात त्यावर हिशोब चालू राहतो. ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल टॅलीतून थेट काढणं, जीएसटी पोर्टलशी जोडणी, नवीन रिलीज हे मात्र थांबतं. गडबड होते ती इथे: टीएसएस संपलेली असताना कोणीतरी उत्साहाने नवीन रिलीज टाकतो, लायसन्स ते स्वीकारत नाही आणि टॅली एज्युकेशनलवर येते. जुन्या रिलीजवर परत जावं तर नवीन रिलीजमध्ये मायग्रेट झालेला डेटा जुन्यात उघडत नाही. म्हणून अपडेटच्या आधी ऑल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या आणि तो पेनड्राइव्हवर वेगळा ठेवा.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. टॅलीप्राइम फक्त ६४-बिट विंडोजवर चालते. मॅकसाठी नाही, लिनक्ससाठीही नाही. पूर्वी ३२-बिट मशीनवर टॅली ईआरपी ९ चालवणाऱ्यांना प्राइमसाठी मशीनच बदलावं लागतं, हा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही.

लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज ११ होम सिल्व्हरला पूर्ण पुरतं. त्यासाठी प्रो घेऊन पैसे घालवू नका. घरून रिमोट डेस्कटॉपने दुकानाच्या मशीनवर यायचं असेल तरच प्रो, कारण होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप जोडता येत नाही. प्रोवरही एका वेळी एकच जण. तीन-चार जणांना एकदम आणायचं तर विंडोज सर्व्हर, त्याची माणशी लायसन्सं आणि टॅलीचं गोल्ड, असा मोठा खर्च आहे. तो टाळायला काही जण पॅच मारून देतात. ते लायसन्सच्या अटींत बसत नाही, आणि विंडोज अपडेट झालं की बंद पडतं.

असेंबल केलेल्या मशीनवर 'विंडोज फ्री टाकून देतो' म्हणाले तर सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन उघडून बघा. तिथे 'डिजिटल लायसन्स' असेल तर बहुधा ठीक. 'युवर ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस' असं दिसलं आणि तुमची कुठलीही मोठी ऑर्गनायझेशन नसेल, तर ते केएमएसचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांना एकदम अनेक मशीनसाठी मिळणारं, अ‍ॅक्टिव्हेशन आहे. ते १८० दिवसांचं असतं आणि आत बसवलेलं क्रॅक ते गुपचूप वाढवत राहतं. अँटिव्हायरसने ते क्रॅक उडवलं की फॉरमॅटची वेळ येते, आणि फॉरमॅट झाला की टॅलीचं लायसन्सही जातं.

म्हणून फॉरमॅट किंवा हार्डडिस्क बदलण्याच्या आधी एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर एवढं करा, इंटरनेट चालू ठेवून. मग नव्या मशीनवर त्याच सिरियल नंबरने पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होतं. अ‍ॅक्टिव्हेशनची की नोंदवलेल्या ईमेलवर येते. तो ईमेल तुमचा स्वतःचा हवा. विकणाऱ्याचा किंवा सोडून गेलेल्या मुनिमाचा असेल तर प्रत्येक वेळी त्याच्या पाया पडावं लागतं.

मॅकवर आग्रह असेल तर हिशोब आधी बघा. इंटेल मॅकवर अ‍ॅपलच्याच बूटकॅम्पने विंडोज टाकता येतं. एम१ आणि पुढच्या चिपच्या मॅकवर बूटकॅम्प नाही. तिथे मॅकच्या आत विंडोज चालवणारं पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर, त्यात आर्म चिपसाठीचं विंडोज ११ प्रो, मग टॅली. तीन लायसन्सं आणि बिघाड झाला की तीन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवायला मोकळ्या. यापेक्षा टॅलीची क्लाउड सेवा ब्राउझरमधून वापरणं सोपं, पण टॅलीचं लायसन्स त्यातही लागतंच, वर क्लाउडचं वेगळं भाडं, आणि इंटरनेट गेलं की काम ठप्प. लिनक्सवर वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, टॅली उघडली तरी तेवढंच. ती चालली नाही तर तक्रार करायला जागा नाही. धंद्याच्या वह्या तिथे ठेवू नयेत.

गोल्ड घेतलंत तर डेटा एका बऱ्या मशीनवर ठेवा, त्याला यूपीएस द्या आणि बाकीची मशीन वायरने जोडा. वायफायवर नोंद सेव्ह होताना जोडणी तुटली की डेटा बिघडू शकतो. 'लायसन्स सापडत नाही' असा संदेश आला तर आधी सर्व्हर मशीनचा फायरवॉल बघा. लायसन्स सर्व्हर ९९९९ पोर्ट वापरतो आणि तो बऱ्याचदा अडवलेला असतो.

राहता राहिलं टीडीएल, म्हणजे टॅलीत नसलेली सोय वेगळी लिहून जोडायची टॅलीची भाषा. हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापायची सोय मूळ टॅलीत तयार मिळत नाही, ती टीडीएल लिहून घ्यावी लागते. त्याचा भाव विकणारा ठरवतो आणि ते बहुतेक वेळा तुमच्या सिरियल नंबरला बांधलेलं असतं. पैसे एकदाच द्यायचे की दरवर्षी, नवीन रिलीजवर पट्टी बिघडली तर दुरुस्ती फुकट की पैसे देऊन, आणि सिल्व्हरचं गोल्ड केलं तर तेच टीडीएल चालेल का, या तिन्ही गोष्टी बिलावरच लिहून घ्या.