मोतीबिंदूचं ऑपरेशन : दवाखान्याला तीन तारे, सिस्टरला पाच

चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली, त्यातली अकरा डोळ्याच्या आणि कान-नाक-घशाच्या वॉर्डात. २०१४ साली रिटायर झाले. सवय मात्र गेली नाही. कुणाबरोबर कुठल्याही दवाखान्यात गेले की आधी बेसिनपाशी साबण आहे का ते बघते. मशीन कुठल्या देशाचं आहे हे बाहेरच्या बोर्डावर लिहिलेलंच असतं.

गेल्या महिन्यात आमच्या ह्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, जिल्ह्याच्या गावी एका खासगी डोळ्यांच्या दवाखान्यात. नाव देत नाही. जिचं कौतुक करायचंय ती पोरगी तिथे नोकरीला आहे आणि तक्रार तिच्या मालकांबद्दल आहे. अशा वेळी ओरडा कुणाला बसतो हे मी चौतीस वर्षं बघितलंय.

आधी पेशंटबद्दल. वय ७२, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. शुगर आहे, बीपी आहे, प्रोस्टेटची गोळी चालू आहे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण ते मान्य नाही. ऐकू आलं नाही की मान डोलवायची, ही ह्यांची युक्ती. घरात आम्हाला ती कळते. परक्या माणसाला वाटतं, काय समजूतदार गृहस्थ आहेत!

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं लेन्सची तीन पॅकेजं सांगितली, १८ हजार, ३४ हजार आणि ६० हजार. ह्यांनी तिन्हींना मान डोलवली. ती साठ हजाराचा फॉर्म भरायलाच लागली होती, तेव्हा मी मध्ये पडले. लांबचं स्वच्छ दिसणारी साधी घडीची लेन्स घेतली. पेपर वाचायला चष्मा लागेल, लागू दे. चाळीस वर्षं लागतोच आहे. पॅकेज खपवायची ती घाई मला आवडली नाही. एक तारा तिथेच गेला.

मग तपासणीच्या खोलीत ती सिस्टर आली. पंचविशीची असेल. ह्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून माहिती विचारायला लागली. शुगर किती दिवस? मान डोलली. रक्त पातळ करायची गोळी? मान डोलली. ती थांबली. कागद खाली ठेवला, खुर्चीला वळसा घालून उजव्या बाजूला आली, त्यांच्या तोंडासमोर वाकली आणि म्हणाली, "काका, मी आत्ता काय विचारलं?" हे माझ्याकडे बघायला लागले. तिनं कागदावर काहीतरी खूण केली आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले, या वेळी मान डोलवून भागणार नाही असे. "शुगर आहे ना?" असं नाही, "शुगरची कुठली गोळी घेता?"

त्यात एक प्रश्न असा होता की तो ऐकून मी सरसावून बसले. "लघवीसाठी रात्रीची गोळी घेता का? नाव काय?" शेजारच्या आजी हसल्या, डोळ्याच्या दवाखान्यात लघवीचं काय म्हणून. पण प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी, टॅमसुलोसिननं विशेष, बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि ऑपरेशन चालू असताना बाहुली एकाएकी आकसते. डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते तयारीनं जातात. गोळी आयत्या वेळी बंद करूनही उपयोग नसतो, परिणाम राहतोच. म्हणून पेशंटनं सांगायला हवं, आणि पेशंट सांगत नाही, कारण त्याला डोळ्याचा आणि लघवीचा संबंध माहीत नसतो. म्हणून सिस्टरनं विचारायचं. हा प्रश्न न विचारणारे दवाखाने मी पाहिलेत.

शेवटी तिनं मला बाजूला घेतलं. "काकू, काकांना भूल फक्त थेंबांची देणार. तोंडावर कापड असतं. डॉक्टर म्हणतात, खाली बघा, लाइटकडे बघा. ऐकू आलं नाही आणि काकांनी अशीच मान हलवली तर? आधी कान दाखवून घ्या, मग तारीख देऊ." डोळ्याच्या दवाखान्यातून कानासाठी परत पाठवणारी सिस्टर मी पहिल्यांदाच बघितली.

कानाची हकीकत मात्र वाईट आहे. ती दुसऱ्या दवाखान्याची, त्याचंही नाव देत नाही. डॉक्टरांनी कानात बघितलं, मळ घट्ट बसलाय म्हणाले आणि "पिचकारी मारून घ्या" म्हणून आत पाठवलं. आत एक मुलगा होता. त्यानं नळाचं पाणी मगात घेतलं. डिसेंबरची सकाळ. माझ्या तोंडात आलं होतं, "अरे, पाणी कोमट आहे का?" पण आपण रिटायर झालेली बाई, कशाला कुणाच्या कामात बोट घाला, म्हणून एक क्षण गप्प बसले. तेवढ्यात पिचकारी गेली. ह्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. डोळ्याची बुबुळं झपाझप एका बाजूला उड्या मारायला लागली, घाम फुटला आणि ओकारी झाली ती माझ्या साडीवर.

असं का होतं, ते सांगते. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात. शरीराच्या उष्णतेपेक्षा गार किंवा गरम पाणी कानात गेलं की त्या नळ्यांतलं द्रव हलतं आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. म्हणून पाणी ३७ अंशांचं हवं, मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम लागेल इतकं. त्याआधी चार-पाच दिवस थेंब घालून मळ मऊ करायचा. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. अगदी लहान मुलाची खाली आणि मागे. धार पडद्यावर मारायची नसते, नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीला लागू द्यायची, म्हणजे पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलतं. आणि सगळ्यात आधी विचारायचं : कान कधी फुटला होता का, पडद्याला भोक आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, शुगर आहे का. शुगरवाल्याच्या कानात ओल राहिली, खरचटलं, तर साधं इन्फेक्शनही हाडापर्यंत जाऊ शकतं. त्या मुलानं यातलं एकही विचारलं नाही. त्याचा तरी काय दोष म्हणा, त्याला कुणी शिकवलंच नसणार. सिस्टरचा पगार वाचवायला पिचकारी त्याच्या हातात दिली होती.

उरलेला मळ मी घरी थेंब घालून मऊ केला. बाटली आधी मुठीत धरून अंगाइतकी उबदार करायची, कुशीवर झोपवून थेंब सोडायचे, पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. पाच दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीखाली बघत बघत सक्शननं काढला, पाण्याचा थेंबही न वापरता. शेंगदाण्याएवढी काळी गाठ निघाली. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "केवढ्यानं ओरडतोय हा रिक्षावाला!" तो फोनवर हळूच बोलत होता.

आठ दिवस उशिरानं ऑपरेशन झालं. त्या दिवशीही सिस्टर तीच. हातावरच्या पट्टीवर नाव असूनही तिनं विचारलं, "काका, पूर्ण नाव सांगा. आज कुठला डोळा?" परत तेच बघा. "उजवा ना?" म्हणून विचारलं तर दहातले नऊ जण हो म्हणतात. ह्यांनी बोट लावून दाखवल्यावर तिनं त्या भुवईच्या वर पेननं खूण केली. बीपी घेतलं, ते १६८ वर होतं. बाहुली मोठी करायच्या एका प्रकारच्या थेंबात बीपी वाढवू शकणारं औषध असतं. तिनं आत जाऊन डॉक्टरांना विचारलं आणि दुसरी बाटली घेऊन आली. अर्धा तास झोपवून ठेवून बीपी परत घेतलं. हे सगळं करताना तिच्याकडे अकरा पेशंट होते. एकटी सिस्टर, अकरा पेशंट. शुगरवाले चार तास ताटकळत बसले होते, एका काकांचे हात थरथरायला लागल्यावर तिनंच स्वतःच्या डब्यातलं बिस्किट दिलं. दुसरा तारा याचा गेला. मालकांनी आणखी दोन मुली ठेवाव्यात.

ऑपरेशन जेमतेम पंधरा मिनिटांचं. ८१ साली आमच्या वॉर्डात हेच ऑपरेशन झालं की डोळ्याला टाके असायचे, दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोकं हलू नये म्हणून उशीच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि पेशंट कित्येक दिवस अंथरुणावर. रात्रपाळीला आम्ही टॉर्च घेऊन फिरायचो, कुणी झोपेत पट्टी ओढत तर नाही ना म्हणून. बरं होऊन जायचे ते सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून. हे मात्र दोन तासांत चहा पिऊन घरी यायला तयार. पण त्यामुळेच वॉर्डातली सगळी शुश्रूषा आता घरच्यांच्या अंगावर पडलीय, आणि घरच्यांना ती शिकवायला दवाखान्याकडे असतात दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत तिनं जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. आधी स्वतः थेंब घालून दाखवला. मग बाटली माझ्या हातात दिली. "आता तुम्ही घाला, मी बघते." मी हात धुतले, ह्यांना वर छताकडे बघायला लावलं, खालची पापणी ओढून झोळी केली, थेंब टाकला. "काकू, बाटलीचं तोंड पापणीला लागलं." मी म्हटलं, नाही लागलं. "लागलं." तेवढ्यात हे ओरडले, "अगं बाई, ही चौतीस वर्षं सिस्टर होती!" पोरगी जराही बिचकली नाही. "मग तर परत घाला." परत घातला. या वेळी बरोबर पडला. लागलेली बाटली तिनं टाकून दिली आणि नवी आणली.

थेंब झोळीत टाकायचा, बुबुळावर नाही. एकच टाकायचा, दोन टाकले तरी दुसरा गालावरच येतो. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं मिनिटभर दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं आणि मग पेशंट म्हणतो, तोंड कडू झालं. दुसऱ्या औषधाचा थेंब पाच मिनिटांनी. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहायची आणि महिन्यानं टाकून द्यायची, औषध उरलं असलं तरी. घाण आली तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं नाकाकडून कानाकडे पुसायचं, एक बोळा एकदाच. रात्री प्लॅस्टिकची वाटी चिकटवून झोपायचं, झोपेत डोळा चोळला जाऊ नये म्हणून.

दोन्ही बाटल्या सारख्याच पांढऱ्या होत्या. तिनं खिशातून रबर बँड काढून एकीला गुंडाळला. "रबरवाली सहा वेळा, साधी तीन वेळा. काका, तुम्ही सांगा आता." ह्यांनी सांगितलं, बरोबर. तिकिटाच्या पेटीतल्या सुट्ट्या पैशांचा हिशोब ज्यानं बोटांनी केला त्या माणसाला हे लगेच जमलं. दवाखान्याचा छापील तक्ता इंग्रजीत होता, मुंगीएवढ्या अक्षरांत, तोही एक डोळा झाकलेल्या माणसासाठी. मराठी तक्ता छापायला किती खर्च येतो?

आणि आता मुख्य तक्रार. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला हे म्हणाले, डोळ्यात खुपतंय. कागदावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून रिसेप्शनवरचा मुलगा, "सकाळी दहाला घेऊन या." बस. दिसायचं कमी झालंय का, ठणका आहे का, लाली वाढलीय का, पू येतोय का, यातलं त्यानं काही विचारलं नाही. यातलं एकही असलं तर सकाळची वाट बघायची नसते, आत इन्फेक्शन झालं असेल तर एका रात्रीत डोळा जाऊ शकतो. मी टॉर्च लावून बघितलं. लाली कालच्यापेक्षा कमी, घड्याळातले आकडे नीट वाचले, ठणका नाही. नुसता कोरडेपणा आणि जखमेची खरखर होती. सकाळी दाखवल्यावर डॉक्टरही तेच म्हणाले. पण प्रत्येकाच्या घरात माझ्यासारखी म्हातारी सिस्टर नसते. सिस्टरला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, तिचा चेहरा मात्र उतरला. चिठ्ठीवर रात्रपाळीच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला, जो पहिल्याच कागदावर मोठ्या अक्षरात असायला हवा होता.

खर्च सगळा मिळून १८ हजारांच्या पॅकेजवर साडेतीन हजार, औषधं आणि काळा चष्मा धरून. चष्मा नाकावरून घसरतो, तो आपला आपण बाहेरून घ्यावा.

डाव्या डोळ्याची तारीख फेब्रुवारीतली मिळालीय, त्याच दवाखान्यात. ती सिस्टर त्या दिवशी ड्यूटीवर आहे का हे विचारूनच तारीख घेतली. रबर बँड जपून ठेवलाय. आणि उजव्या कानातही मळ दिसतोय, त्याचे थेंब जानेवारीतच सुरू करीन.